आजीची बटणं आणि व्हर्मीरची मुलगी: चेहऱ्यासाठी रंगच नाहीये, बटणं रंगवू का?

डबाभर_बटणं

मंडळी, जरा लांबण लागणारे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण अडकलेय आणि एकदा चुकलं की मागे येता येणार नाही अशी गोष्ट आहे.

माझी आजी शिवणकाम करायची. जुना कपडा टाकून द्यायच्या आधी त्याची बटणं काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची, असं तिने आयुष्यभर केलं. ती गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. दोन वर्षं नुसता कपाटात होता, अधूनमधून उघडून हात घालायचा आणि तो खळखळ आवाज ऐकायचा एवढंच. मग ठरवलं की ह्याचं काहीतरी करायचं जे भिंतीवर राहील, रोज दिसेल. व्हर्मीर ह्या जुन्या डच चित्रकाराचं ते मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र मला लहानपणापासून आवडतं, तेच बटणांमधून करायचं असं डोक्यात बसलं. मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर आहे, मी प्लायवूड जवळपास त्याच मापाचं घेतलं, म्हणजे खऱ्या आकारात होईल म्हणून.

आता परिस्थिती अशी आहे. मागचा काळा भाग चिकटवून झालाय. डोक्याचं निळं फडकं आणि मागे सोडलेला पिवळा पदर नुसता मांडून बघितला, चांगला दिसतोय. पण चेहऱ्याचं गाडं अडलं. डब्यात पांढरी, क्रीम, तपकिरी, काळी बटणं ढिगाने आहेत, गुलाबी पाच-सहा, पण त्वचेचा म्हणावा असा रंगच नाही. तीन वेळा मांडून मोडलं. जवळून बटणांचा ढीग दिसतो आणि लांबून डाग पडल्यासारखं दिसतं, डोळा कुठे आणि गाल कुठे काही कळत नाही. शिवाय काळ्या भागात पांढरे ठिपके ठिपके दिसतायत. आणि मोत्याच्या जागी मी आजीच्याच एका तुटलेल्या माळेतला मणी ठेवला, मला वाटलं होतं तोच सगळ्यात भारी दिसेल, तर तो सगळ्यात खोटा दिसतोय, का ते समजत नाहीये.

मुख्य प्रश्न असा की स्प्रे पेंट मारून बटणं त्वचेच्या रंगाची करून घेऊ का? एक-दोघांनी तेच सुचवलं. पण आजीच्या बटणांना रंग मारायला हात धजत नाही. दुसरा काही मार्ग असेल तर सांगा.

---

उजेड_सावली

ताई, रंगवू नका. हात धजत नाहीये ना, मग नकाच रंगवू, आणि भावनेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याची गरजच नाहीये.

चेहरा ओळखू येतो तो रंगामुळे नाही, उजेड आणि सावलीमुळे. ह्याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा म्हणजे इन्व्हेडर नावाच्या फ्रेंच कलाकाराने २००५ मध्ये रुबिक क्यूबची मोनालिसा केली ती. ३३० क्यूब, म्हणजे समोर दिसणारे २९७० चौकोन, आणि रंग फक्त सहा: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, निळा. त्यात त्वचेचा रंग कुठून येणार? तरी चित्र बघितल्याबरोबर मोनालिसाच दिसते, कारण फिकट रंग उजेडाच्या जागी आहेत आणि गडद रंग सावलीच्या जागी, बस.

तुमचं काय होतंय सांगतो. तुम्ही 'हे बटण गालाच्या रंगाचं आहे का' असं शोधताय. त्याऐवजी 'हे बटण गालाइतकं उजळ आहे का' एवढंच बघा. त्यासाठी चेहऱ्याची सगळी बटणं एका चादरीवर पसरा, वरून मोबाईलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेला की खरी गंमत कळते, जे लाल बटण तुम्हाला भडक वाटत होतं ते फोटोत चॉकलेटी बटणाइतकंच काळसर निघतं. मग उजेडाप्रमाणे पाच ढीग करा, अगदी उजळ ते अगदी गडद. चित्राचाही ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा आणि त्यावर पाचच भाग आखून घ्या. आता हे अंक भरण्याचं काम झालं, १ च्या जागी १ चं बटण. पाचापेक्षा जास्त ढीग करायच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो, नऊ केले आणि कुठलं बटण सहा नंबरचं आणि कुठलं सातचं ह्यातच आठवडा गेला.

दुसरी अडचण मापाची आहे. तुमची बटणं सरासरी दीड सेंटिमीटरची धरली तर त्या फळीवर आडवी २६ आणि उभी ३० बसतात, म्हणजे सगळी मिळून ७८० च्या आसपास. त्यात एका डोळ्याच्या वाट्याला दोन बटणं येतात. दोन बटणांत बुबुळ, पांढरा भाग आणि पापणी बसवणार कशी? फळी मोठी करायची नसेल तर चेहऱ्यापुरती फक्त शर्टाची छोटी बटणं वापरा, कॉलरची आणि बाह्यांची असतात ती, आणि मोठी कोटाची बटणं मागच्या अंधाराला जाऊ देत. बारकावा जिथे हवा तिथेच खर्च करायचा.

पण बारकाव्याला फार घाबरूही नका. १९७३ मध्ये लिऑन हार्मन नावाच्या संशोधकाने अब्राहम लिंकनचा चेहरा फक्त अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत दाखवला होता. जवळून नुसत्या फरश्या, डोळे बारीक केले की लिंकन! त्यावरून दाली ह्या स्पॅनिश चित्रकाराने पुढे एक मोठं चित्रच रंगवलं, जवळून त्याची बायको पाठमोरी उभी राहून खिडकीतून समुद्र बघतेय आणि वीस मीटरवरून लिंकन. त्यामुळे दर दहा-बारा बटणांनंतर उठा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, डोळे किलकिले करून बघा. नाकाला फळी लावून ठरवलेलं सगळं चुकतं.

---

खिळे_आणि_ग्लू

काळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचं उत्तर सोपं आहे, ती बटणांची भोकं आहेत. दोन भोकं, चार भोकं, त्यातून खालचं फिकट प्लायवूड दिसतंय, आणि दोन गोल बटणांच्या मध्ये राहणारी फटही तशीच. आधी फळी काळी रंगवायला हवी होती. आता चिकटवून झालंय तर बारीक ब्रशने पातळ काळा अॅक्रिलिक भोकांत आणि फटींत सोडा, बटणावर आला तर लगेच ओल्या कापसाने पुसा. वेळखाऊ आहे पण होतं, मी केलंय.

आणि ह्यातच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे बघा. बटणं नका रंगवू, फळी रंगवा. शर्टाची बटणं बरीचशी अर्धपारदर्शक असतात, प्लायवूडवर ठेवली की फिकट दिसतात, तीच विटकरी-गुलाबी रंगावर ठेवा, आतून उजेड आल्यासारखी दिसतील. चेहऱ्याच्या भागात उजळ गालाखाली फिकट गुलाबी, जबड्याखालच्या सावलीला तपकिरी, असे ढोबळ पट्टे मारा आणि वर तीच आजीची पांढरी बटणं. तुमच्या फळीखेरीज कशालाही रंग लागणार नाही.

ग्लू मात्र वाळल्यावर पारदर्शक होणारा घ्या, नाहीतर खालचा रंग झाकला जाईल. ग्लू गनच्या नादाला चेहऱ्यावर तरी लागू नका, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सुटतात आणि भोकांतून वर येतो. आणि फळीला मागून दोन आडव्या पट्ट्या मारून घ्या, बटणांचं वजन दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त होतं.

---

झाकणवाला_सर

मी वेगळं मत मांडतो. गरज पडली तर रंगवायला हरकत नाही, ते काही पाप नाही. आम्ही मुलांबरोबर होकुसाई ह्या जपानी चित्रकाराची ती मोठी लाट बाटल्यांच्या प्लास्टिक झाकणांतून केली होती. ते चित्र ह्या कामाला फार चांगलं आहे हेही सांगून ठेवतो, कारण मुळातच लाकडी ठशांची छपाई, रंग मोजके, निळ्याच्या दोन-तीन छटा, फेसाचा पांढरा आणि मागचा मळकट पिवळसर, आणि लाटेचा आकार इतका पक्का की झाकणं थोडी वेडीवाकडी लागली तरी लाट लाटच राहते. आम्हाला गडद निळी झाकणं वीसेक कमी पडली, ती रंगवली.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. चित्र लावल्यावर जो कोणी येतो तो जवळ जाऊन झाकणं ओळखत बसतो, हे पाण्याच्या बाटलीचं, हे सरबताचं, हे औषधाचं. आणि त्या वीस रंगवलेल्या झाकणांवर आलं की बोट पुढे सरकतं. तिथे ओळखायला काही उरलेलंच नसतं. पुन्हा केलं तर मी ती वीस झाकणं जमेपर्यंत थांबेन.

तर रंगवण्याला माझा विरोध नाही, पण आजीच्या डब्याच्या बाबतीत खिळे_आणि_ग्लू म्हणतायत तेच करा.

---

जुनी_चित्रं

मोत्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट तीच आहे.

तो मणी खोटा दिसतोय कारण तो खरा आहे. खरा चकचकीत मणी तुमच्या खोलीतला उजेड घेतो, तुमच्या ट्यूबलाइटचा, तुमच्या खिडकीचा. बाकी सगळ्या चित्रात उजेड डावीकडून येतोय, व्हर्मीरच्या खोलीतला. त्यामुळे मणी एका जगात आणि मुलगी दुसऱ्या जगात. तुम्ही दिवा हलवला की मण्यावरची चमक हलणार, मुलीच्या गालावरचा उजेड हलणार नाही, आणि डोळ्याला हे लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी खटकतं.

व्हर्मीरने मोती कसा केलाय ते मोठं करून बघा. नेदरलँड्समध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ते चित्र आहे, त्यांच्या साइटवर खूप मोठं करून बघता येतं. तिथे मोत्याला पूर्ण बाह्यरेषाच नाहीये, कानात अडकवायचं आकडंही नाही. वर डावीकडे एक दाट पांढरा ठिपका, आणि खाली पांढऱ्या कॉलरचं मऊ प्रतिबिंब, करड्या-पांढऱ्या रंगाचा एक फराटा. मधला भाग म्हणजे मानेवरची सावलीच आहे. म्हणजे 'मोती' आपण बघणारे पुरा करतो. तुम्ही पण तसंच करा: मोत्याच्या जागी सावलीच्याच ढिगातली करडी-तपकिरी बटणं येऊ देत, वर डावीकडे एकच शिंपल्याचं नाहीतर चमकदार पांढरं शर्टाचं बटण, आणि खाली दोन फिकट करडी बटणं कोरीसारखी. लांब जाऊन बघा काय होतं ते.

ह्या ठिपक्यांचं महत्त्व किती असतं ते सांगते. १९९४ मध्ये ह्या चित्राची साफसफाई आणि दुरुस्ती झाली तेव्हा कळलं की मोत्यावरची एक चमक व्हर्मीरची नव्हतीच, रंगाचा एक सुटा कण तिथे येऊन चिकटला होता आणि लोक त्याला चमक समजत होते. तो काढला. आणि त्याच वेळी ओठाच्या कोपऱ्यावरचा एक छोटासा उजळ ठिपका परत दिसायला लागला जो जुन्या रंगकामाखाली झाकला गेला होता. एवढ्याशा ठिपक्याने ओठ ओले दिसतात. तुमच्याकडे गुलाबी पाच-सहाच आहेत म्हणालात ना, ती ओठांना ठेवा, गालावर उधळू नका, आणि त्या कोपऱ्यावर तुमच्याकडचं सगळ्यात लहान बटण लावा.

अजून एक, ज्याने तुमचं काम हलकं होईल. तिच्या नाकाची रेषा शोधून बघा. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकाच उजळ भागात मिसळून गेलेत, मध्ये रेषा नाही. म्हणजे नाक 'काढायचं' नाहीच आहे, अलीकडची सावली नीट लागली की नाक आपोआप उभं राहतं. तीन वेळा मोडलंत त्यात तुम्ही बहुतेक नाकाभोवती गडद बटणांची रांग लावत असणार.

आणि मागचा काळा फार मनाला लावून घेऊ नका. २०१८ पासून त्या चित्राचा जो वैज्ञानिक अभ्यास झाला त्यात निघालं की ती पार्श्वभूमी मुळात नुसती काळी नव्हती, हिरव्या पडद्यासारखी होती, काळाच्या ओघात रंग बदलला. डब्यात गडद हिरवी बटणं असतील तर घाला की मधेमधे.

---

डबाभर_बटणं

अहो काय सांगू तुम्हाला! नाकाभोवती गडद रांग, हो, अगदी तेच करत होते, तीनही वेळा.

काल रात्री चादर पसरून फोटो काढला, पाच ढीग केले. एक गोष्ट बघून थक्क झाले की आजीच्या एका कोटाची मरून बटणं, जी मी ओठांना धरून ठेवली होती, ती ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जवळजवळ काळी निघाली! ती आता जबड्याच्या सावलीत जातील. आज चेहऱ्याचा भाग रंगवला, वाळतोय. मोती तुम्ही सांगितला तसा सात बटणांत मांडून बघितला आणि दारापर्यंत गेले आणि मागे वळले, आणि खरंच मोती दिसला. मण्यापेक्षा जास्त मोती दिसला. मी परत जवळ जाऊन खात्री केली की तिथे बटणंच आहेत.

एकच शंका राहिली. मैत्रीण म्हणाली की एवढं करून शेवटी ती कॉपीच ना, ज्याचं मूळ चित्र जगात सगळ्यांनी बघितलंय ते बटणांत करून काय मिळवलंस. तिने वाईट हेतूने नाही म्हटलं, पण तेव्हापासून मनात घोळतंय.

---

उजेड_सावली

सात बटणांत मोती, फोटो टाका राव! आणि दारापर्यंत जायला जागा कमी पडली तर मोबाईलचा कॅमेरा सगळ्यात लांबचा करून स्क्रीनवर छोटं करून बघा, तोच परिणाम मिळतो. डेव्होरा स्पर्बर नावाची कलाकार आहे, ती दोऱ्याच्या रिळांमधून मोनालिसा वगैरे करते आणि समोर एक पारदर्शक गोळा उभा करते. गोळ्यातून प्रतिमा लहान होते आणि उलटी होते, म्हणून ती रिळांचं चित्रच उलटं टांगते. नुसतं बघितलं तर रंगीत रिळांची भिंत, गोळ्यातून बघितलं तर मोनालिसा.

कॉपीच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, ते बाकीचे जास्त चांगलं देतील.

---

मातीचे_हात

मी देते.

व्हिक मुनिझ नावाचा ब्राझीलचा कलाकार आहे. त्याने १९९९ मध्ये पीनट बटर आणि जेलीने दोन मोनालिसा शेजारी शेजारी केल्या, ते लोकांना माहीत असतं, खेळकर काम आहे. पण त्याचं माझं आवडतं काम वेगळं आहे. रिओ दि जानेरोच्या बाहेर जार्दिम ग्रामाशो नावाचं प्रचंड मोठं कचऱ्याचं मैदान होतं, तिथे कचऱ्यातून विकता येण्यासारखं वेचून पोट भरणारे लोक होते. त्यांच्यातल्याच एकाला त्याने दाविद ह्या फ्रेंच चित्रकाराच्या १७९३ च्या 'माराचा मृत्यू' (मारा हा फ्रेंच क्रांतिकारक) ह्या चित्रातल्यासारखं टबात बसवलं, तसाच हात खाली सोडलेला, डोक्याला तसंच फडकं. मग तो फोटो एका मोठ्या हॉलच्या जमिनीवर प्रोजेक्ट करून, त्याच वेचकांना हाताशी घेऊन, त्यांनीच गोळा केलेल्या वस्तूंनी ते चित्र जमिनीवर मांडलं आणि वरून, उंचावरून फोटो घेतला. आता मला सांगा, ती दाविदची कॉपी झाली का? पोझ दाविदची आहे, पण ज्या वस्तूंनी माणूस बनलाय त्या वस्तूंवर तो माणूस जगतो. हे दाविदच्या चित्रात नव्हतं, असू शकत नव्हतं.

किंवा आय वेवे ह्या चिनी कलाकाराचं बघा. त्याने मोने ह्या फ्रेंच चित्रकाराची कमळं लेगोच्या जवळपास साडेसहा लाख ठोकळ्यांमधून केली, बावीस रंग, लांबी पंधरा मीटर. कमळं सगळी मोनेची आहेत. पण उजव्या बाजूला पाण्यात एक काळा चौकोन आहे, तो मोनेचा नाही. ते दार आहे. त्याच्या कवी वडिलांना हद्दपार केलं होतं तेव्हा लहानपणी चीनच्या शिंजियांगमध्ये ते दोघं जमिनीखालच्या खड्ड्यात राहिले, त्या खड्ड्याचं दार. पंधरा मीटर सुंदर बाग आणि तिच्यात एक दार. मला ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा गलबलून आलं होतं.

म्हणून मैत्रिणीला सांगा की व्हर्मीरची मुलगी ही ओळखीची खूण आहे, लांबून माणसाला जवळ बोलावणारी. कोणीही बघेल आणि म्हणेल 'अरे हे तर ते चित्र' आणि चार पावलं पुढे येईल. आणि पुढे आल्यावर त्याला व्हर्मीर सापडणार नाही, तुमची आजी सापडेल. अनोळखी चित्र केलं असतं तर तो कदाचित लांबूनच गेला असता.

त्या बटणांना रंग मारला असता तर जवळ आल्यावर काय सापडलं असतं? झाकणवाला सरांनी सांगितलंय ते बोट पुढे सरकण्याचं.

आणि तो माळेतला मणी टाकून देऊ नका, मोत्यात नाही बसला तरी कुठेतरी बसेल. आय वेवेच्या दारासारखी तुमचीही एक जागा असू दे चित्रात, जी व्हर्मीरच्या चित्रात नाहीये.

---

झाकणवाला_सर

वरचं वाचून एवढंच जोडतो, कुठलं बटण कशाचं होतं हे आठवत असेल तर आत्ताच फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा, नकाशासारखं. आमच्या मुलांनी तसं लिहिलं नव्हतं आणि आता त्यांनाच आठवत नाही.

---

डबाभर_बटणं

सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

चेहरा आज पूर्ण झाला. उजवा डोळा अजून थोडा हललाय, तो उद्या सकाळच्या उजेडात बघेन. ओठाच्या कोपऱ्यावर सगळ्यात लहान बटण लावलं, ते माझ्याच बाळपणीच्या झबल्याचं आहे, आईने ओळखलं. आईला समोर बसवून मागची यादी लिहायला घेतलीय, एकेका बटणावर बोट ठेवते आणि सांगते, हे बाबांच्या लग्नातल्या शर्टाचं, हे मावशीच्या फ्रॉकचं, हे कुणाचं ते आठवत नाही. आत्तापर्यंत ११२ झाली.

मणी खाली डाव्या कोपऱ्यात लावला, अंधारात, हिरव्या बटणांच्या मधे. दिवा लावला की तो एकटाच चमकतो.